सही आमची, निर्णय कोणाचा? पुण्यातल्या रुग्णालयांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
विश्वस्त व संचालक मंडळे,
पुणे शहरातील खासगी रुग्णालये

प्रत: मा. पोलिस आयुक्त, पुणे शहर; मा. आरोग्यप्रमुख, पुणे महानगरपालिका

विषय: कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) डॉक्टरांवर ढकलल्या जाणाऱ्या कायदेशीर जबाबदारीबाबत

सन्माननीय महोदय / महोदया, स. न. वि. वि.

मी ज्या रुग्णालयात काम करते, तिथे गेल्या महिन्यात कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना नवा करार सहीसाठी मिळाला. त्यातले एक कलम असे: रुग्णाने किंवा नातेवाइकांनी नुकसानभरपाई मागितली, तर ती देण्याची जबाबदारी त्या वेळी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरची राहील. रुग्णालयाला काही रक्कम भरावी लागलीच, तर ती डॉक्टरकडून वसूल करता येईल. वकिलाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. शंका असल्यास एचआरला ईमेल करावा, अशी सूचना होती. मी केला. उत्तर आले, "मॅम, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळीकडे हाच असतो."

ओळखीच्या डॉक्टरांकडे चौकशी केली तर एचआरचे म्हणणे बरेचसे खरे निघाले. कुठे कलम थोडे सौम्य आहे, कुठे वेगळ्या हमीपत्रात आहे, पण आहे. म्हणून हे पत्र एका रुग्णालयाला न लिहिता आपणा सर्वांना लिहिते आहे. माझ्या रुग्णालयाचे नाव यात येणार नाही आणि माझेही. माझ्यावर ग्राहक आयोगात एक तक्रार चालू आहे आणि वकिलांनी गप्प बसायला सांगितले आहे. त्यांचे मी अर्धेच ऐकते आहे.

त्या तक्रारीत मी जाबदेणार क्रमांक तीन आहे. पहिले रुग्णालय, दुसरे वरिष्ठ डॉक्टर, तिसरी मी. नोटीस घरी आली तेव्हा मी रात्रपाळी संपवून झोपले होते. आईने सही करून पाकीट घेतले आणि मी उठेपर्यंत ते हातात धरून बसून राहिली. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने तपशिलात जाणार नाही. एवढेच सांगते की, तक्रारीचा गाभा आयसीयूत बेड मिळायला झालेला उशीर हा आहे. बेड कोणाला द्यायचा हे कॅज्युअल्टीतला डॉक्टर कधीच ठरवत नाही, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? रुग्णालयाचे लेखी म्हणणे दाखल झाले, त्यात मात्र "रुग्ण त्या वेळी डॉ. अमुक यांच्या देखरेखीखाली होता" असे एक वाक्य आहे. वाक्य खोटे नाही. फक्त त्यात बेडचा उल्लेख नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर हे पत्र डॉक्टरांची बाजू घेणारे आणखी एक रडगाणे म्हणून बाजूला पडेल. रुग्णाने डॉक्टरला जाब विचारू नये, असे माझे अजिबात म्हणणे नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, ते योग्यच झाले. 2019 चा नवा कायदा आला तेव्हा सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्द दिसला नाही म्हणून आमच्यातले काही जण खूश झाले होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही गैरसमज दूर केला. ज्याचा माणूस गेला, त्याला विचारायला एक जागा हवी आणि ती वकिलाशिवाय परवडणारी हवी. माझी तक्रार रुग्णांविरुद्ध नाहीच. प्रश्न विचारला गेला की, ज्यांनी निर्णय घेतले ते टेबलामागे सरकतात आणि ज्याची सही आहे तो पुढे ढकलला जातो, याविरुद्ध आहे.

कराराचेच पाहा. मी आपली कर्मचारी नाही, असे करार म्हणतो. मी "स्वतंत्र व्यावसायिक" आहे. त्यामुळे मला पगार नाही, प्रोफेशनल फी आहे. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. ठीक आहे, हे मी स्वखुशीने मान्य केले. पण ही स्वतंत्र व्यावसायिक बायोमेट्रिकवर बोट टेकवते, तिची ड्युटी आपले ऑफिस लावते, कोणते इंजेक्शन फार्मसीत ठेवायचे ते आपले परचेस खाते ठरवते, रात्री किती नर्स द्यायच्या ते आपले मेट्रन ऑफिस ठरवते. ती स्वतंत्र होते ती फक्त नोटीस आल्यावर.

कायदा काय म्हणतो, हे आपल्या विधी सल्लागारांना ठाऊक असणारच. 2004 सालच्या सविता गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, डॉक्टर कायम नोकरीत असो वा कराराने बोलावलेला, रुग्णापुढे उत्तर द्यायचे ते रुग्णालयाने. अमुक डॉक्टरला पक्षकार केले नाही म्हणून रुग्णालय सुटत नाही. काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भारही रुग्णालयावर येतो. रुग्णापुढची ही जबाबदारी झटकता येत नाही, हे कळल्यावर आपण ती मागच्या दाराने, करारातून, आमच्याकडे वळवलीत. रुग्णाला भरपाई मिळते, कायद्याचे समाधान होते आणि हप्त्यावर घर घेतलेला एमबीबीएस झालेला मुलगा पुढची वर्षे ती फेडत बसतो.

"मग इन्डेम्निटी पॉलिसी काढा ना," म्हणजे भरपाईच्या दाव्यांसाठीचा विमा, असे आम्हाला सांगितले जाते. काढतो. पण या पॉलिसीचा एक गुणधर्म फार कमी तरुण डॉक्टरांना माहीत असतो. घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू होती, एवढे पुरत नाही. दावा येतो त्या दिवशीही ती चालू असावी लागते. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे आणि सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफही करू शकतो. आपल्याकडे रात्रपाळ्या करणारी मुले वर्ष-दीड वर्षात पीजीला लागून नांदेडला, नागपूरला, परराज्यात जातात. स्टायपेंडवर जगताना पॉलिसीचे नूतनीकरण राहून जाते. आणि मग पुण्याहून पाकीट येते. त्या मुलांना हे सांगण्याची तसदी आपल्यापैकी किती जणांनी घेतली आहे?

रात्रपाळ्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्यापैकी अनेकांच्या अंगणातला एक मुद्दा. दिवसा बोर्डावर एमडी, डीएम, एमसीएच अशी रांग असते. रात्री अकरानंतर शहरातल्या कितीतरी मध्यम आणि लहान रुग्णालयांत कॅज्युअल्टी आणि आयसीयू मिळून एक आरएमओ (निवासी डॉक्टर) असतो, आणि तो बहुधा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो. मी या सहकाऱ्यांना नावे ठेवणार नाही. रात्री तीनला शांत डोक्याने सीपीआर देणारे आणि पहाटे सहापर्यंत नातेवाइकांना समजावणारे यांच्यातले कितीतरी जण मी पाहिले आहेत. पण आपण त्यांना किती धोक्यात उभे केले आहे, हे त्यांना माहीत नाही आणि आपण सांगत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंड संहितेतल्या 304-अ च्या जागी कलम 106(1) आले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून घडल्यास दोन वर्षांपर्यंत. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत डॉक्टरांना सूट दिल्याचा बराच गाजावाजा झाला होता, ती सूट म्हणजे हीच: इतरांची शिक्षा वाढली, आमची दोनवरच राहिली, आणि पूर्वी नुसत्या दंडावर सुटायची शक्यता होती तीही गेली. आता त्याच कलमाखालचे स्पष्टीकरण वाचा. नोंदणीकृत डॉक्टर कोण? ज्याची पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य आहे आणि ज्याचे नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे आयोग वेगळे, कायदे वेगळे. म्हणजे कलमाचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर त्याच खोलीत, त्याच रुग्णावर, तीच चूक मी केली तर दोन वर्षे आणि माझ्या शेजारच्या बीएएमएस सहकाऱ्याने केली तर पाच.

त्यात 1996 च्या पूनम वर्मा खटल्यापासून हेही ठरलेले आहे की, ज्या पॅथीचे शिक्षण आणि परवानगी नाही त्या पॅथीची औषधे देणे हाच मुळात निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही. तो खटला मुंबईतल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरचाच होता. आपल्या राज्याने आयुर्वेदाच्या पदवीधरांना काही मर्यादेत आधुनिक औषधांची मुभा दिली आहे, होमिओपॅथीवाल्यांचा वाद कोर्टात गेला आहे. पण ती मुभा व्हेंटिलेटरच्या सेटिंगपर्यंत पोहोचते का? हा प्रश्न रात्री अडीच वाजता त्या मुलाने सोडवायचा नसतो. तो आपण नेमणूक करताना सोडवायचा असतो. एका एमडीच्या पगारात तीन आरएमओ येतात, हे गणित मला कळते. फक्त त्या गणितातली जोखीम कोणाच्या खात्यावर लिहिली जाते, तेही आपण पाहावे.

आता ऑन-कॉलबद्दल. इथे मला जरा थांबून सांगावे लागेल, कारण बाहेरच्या माणसाला कॅज्युअल्टीत निर्णय कसा होतो हे दिसत नाही.

धनकवडीचे एक रिक्षावाले काका, पन्नाशीचे. मध्यरात्रीनंतर स्वतःच्याच रिक्षातून आले, मेव्हणा चालवत होता. पोटाच्या वरच्या भागात दुखत होते. "गॅस झालाय मॅडम, पॅन-फोर्टीचं इंजेक्शन द्या, सकाळी धंद्यावर जायचंय." बनियनचा गळा घामाने भिजलेला. पहिला ईसीजी काढला. ठोस काही नाही. माझ्या पोटात मात्र पाल चुकचुकली. हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका अनेकदा पोटदुखीच्या सोंगाने येतो, पहिला ईसीजी साधा असू शकतो आणि रक्तातले ट्रोपोनिन वाढायला काही तास जातात. ईसीजीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला, फोन लावला. ते झोपेतून म्हणाले, "ठेवून घ्या, तासाभराने परत काढा." मेव्हणा म्हणाला, "तुम्ही उगाच घाबरवताय, बिल वाढवायचं असेल." त्याचेही चूक नाही, आपल्या रुग्णालयांनी ही कमाई केलेली आहे. मी हुज्जत घातली, चहा मागवला, काकांना बसवून ठेवले. दुसऱ्या ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्स वर उचललेल्या, म्हणजे खालच्या बाजूचा झटकाच. काका कॅथलॅबमध्ये गेले आणि आठवड्याने घरी.

हा किस्सा शौर्याचा नाही. असा रुग्ण आम्हाला सतत भेटतो. मुद्दा पुढचा. त्या रात्रीच्या केसपेपरवर काय उरले? माझे अक्षर, माझी वेळ, माझी सही. तज्ज्ञांचा फोन झाला, हे मी एका ओळीत लिहिले होते. त्यावर त्यांची सही कधीच झाली नाही, कारण आपल्याकडे फोनवर दिलेल्या सल्ल्याची सही घेण्याची पद्धतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आहेत, माझ्या खासगी फोनवर. समजा, मेव्हण्याने ऐकले नसते, काका डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जात असल्याच्या कागदावर) सही करून निघून गेले असते आणि पहाटे घरीच दगावले असते. दोन वर्षांनी आयोगापुढे प्रश्न एकच असता: "डॉक्टर, पोटदुखी म्हणून आलेल्या माणसाला तुम्ही का सोडलेत?" निकाल माहीत असताना मागे वळून पाहिले की सगळे सोपे दिसते. म्हणूनच कायद्याने कसोटी ठेवली आहे ती त्या वेळी, त्या परिस्थितीत, सर्वसाधारण कुशल डॉक्टरने काय केले असते याची. पण ती परिस्थिती कागदावर असली पाहिजे. खोलीत किती रुग्ण होते, किती नर्स होत्या, तज्ज्ञ किती वाजता आले, बेड किती वाजता मागितला आणि कधी मिळाला. यातले काहीही आपल्या केसपेपरच्या नमुन्यात छापलेले नाही. संमतीपत्रावर मात्र चार ठिकाणी सह्या असतात.

डिपॉझिटवर फार लिहीत नाही, पुणेकरांना ते मी सांगायला नको. 2025 च्या एप्रिलमध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर दहा लाखांच्या अनामत रकमेवरून शहर पेटले, गुन्हा डॉक्टरवर दाखल झाला. त्या प्रकरणात कोण किती चुकले ते न्यायालय पाहील. त्यानंतर महापालिकेने आपत्कालीन रुग्णाकडून अनामत मागू नका, असे रुग्णालयांना बजावले. खरे तर 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, आधी जीव, मग पोलिस आणि कागद. त्या खटल्याच्या मुळाशी होती ती एका स्कूटरस्वाराची बातमी: पहिल्या रुग्णालयाने मेडिकोलीगल केस (एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस) घ्यायची नाही म्हणून वीस किलोमीटरवर दुसरीकडे पाठवले आणि तो वाटेत गेला. आजही बिलिंग काउंटरवरचा मुलगा आत येऊन माझ्या कानात विचारतो, "मॅम, पेशंट क्लिअर आहे का?" म्हणजे पैसे भरले का. हा प्रश्न तो स्वतःच्या मनाने विचारत नाही. त्याला कोणीतरी विचारायला लावले आहे, आणि त्या कोणाचेही नाव कुठल्याच तक्रारीत येत नाही.

आणखी एक. कागद दडवू नका. रुग्णाने नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 पासूनचा नियम आहे. प्रत्यक्षात मेडिकल रेकॉर्ड विभाग "उद्या या, साहेब नाहीत" करत राहतो. माझा अनुभव असा की, निम्मे दावे उपचारांमुळे नाही तर या फेऱ्यांमुळे होतात. माणूस गेला, का गेला ते कोणी बसून सांगितले नाही, कागद दिले नाहीत. मग तो वकिलाकडे जाणार नाही तर काय करणार? आणि दडवलेला कागद शेवटी आमच्याच अंगावर येतो, कारण आयोग गृहीत धरतो की त्यात काहीतरी काळे होते.

आता माननीय पोलिस आयुक्तांसाठी.

साहेब, आपल्या चौकीतल्या फौजदारांशी आमचा रोजचा संबंध आहे आणि बहुतेक वेळा तो चांगला आहे. एमएलसी आम्ही कळवतो, ते येतात, जबाब घेतात. अडचण होते ती दारात शंभर माणसे जमल्यावर. "गुन्हा दाखल करा, मगच बॉडी ताब्यात घेऊ" असे जमाव म्हणतो. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा वेळेसाठीच सांगितले आहे: फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो; तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या त्याच शाखेच्या डॉक्टरचा अभिप्राय घ्यावा; डॉक्टरला सरसकट अटक करू नये. ससूनच्या समितीकडे आपण अभिप्राय मागता, हे मान्य. पण कॅज्युअल्टीतल्या निर्णयाची तपासणी करताना समितीत इमर्जन्सी मेडिसिनचा माणूस असावा. ही शाखा देशात 2009 पासून मान्य आहे. बाह्यरुग्ण विभागात निवांत तपासणाऱ्याचे मोजमाप आणि एकाच वेळी अपघात, दमा आणि साप चावलेला पोरगा सांभाळणाऱ्याचे मोजमाप एक कसे असेल?

दुसरे, जमाव शांत करायला 106 च्या जोडीला सदोष मनुष्यवधाचे 105 लावू नये. 106 जामीनपात्र आहे, 105 नाही. हा फरक एका रात्रीचा नसतो. मार्च 2022 मध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक बाई दगावली, डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी जीव दिला. नंतर कलम चुकले होते असे म्हणून काय उपयोग?

याच्या उलटही सांगते. कल्याणीनगरच्या मे 2024 मधल्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप ज्या डॉक्टरांवर आला, त्यांच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तो आरोप सिद्ध झाला तर तो निष्काळजीपणा नाही, सरळ गुन्हा आहे, आणि त्याने आमचे जितके नुकसान केले तितके कुठल्याही जमावाने केले नसेल. आता अपघाताच्या प्रत्येक केसमध्ये नातेवाईक माझ्या हातातल्या सिरिंजकडे संशयाने पाहतात. बघू देत. नमुना घेताना आपला माणूस हजर असावा आणि सील त्याच्यासमोर व्हावे, एवढेच मागते.

महाराष्ट्रात डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तरीही चौकीत पहिला सल्ला मिळतो तो "मिटवून टाका, मॅडम" हाच. काच फुटली ती रुग्णालयाची असते, ते विमा घेतात आणि मिटवतात. थप्पड खाल्लेल्या आरएमओला कोणी विचारत नाही की, तुला मिटवायचे आहे का.

आणि समन्स. एमएलसीत जबाब लिहून घेतलेल्या डॉक्टरला काही वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात साक्षीला बोलावतात. रात्रपाळी करून सकाळी साडेदहाला हजर व्हायचे, दुपारी कळते की आज आरोपी आणलाच नाही. कटारा निकालातच न्यायालयाने म्हटले होते की, डॉक्टरांना गरज नसता बोलावू नये आणि बोलावलेच तर विनाकारण ताटकळत ठेवू नये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ऑडिओ-व्हिडिओने साक्ष घ्यायची सोयही झाली आहे. ती आमच्यासाठी वापरायला हरकत कोणाची आहे?

माझ्या मागण्या या आहेत.

रुग्णालयांकडून:

1. करारातले वसुलीचे कलम काढा. नुसते "अमलात आणणार नाही" असे तोंडी आश्वासन नको, कलमच काढा. हेतुपुरस्सर गुन्हा किंवा नशेत ड्युटी यांचा अपवाद ठेवायला माझी ना नाही.

2. कॅज्युअल्टी आणि रात्रीच्या प्रत्येक डॉक्टरचा विमा रुग्णालयाने काढावा. नोकरी सोडल्यावरही त्या काळातल्या दाव्यांसाठी तो चालू ठेवावा. बचावाचा वकील पहिल्या दिवसापासून द्यावा, आणि रुग्णालयाचे हित डॉक्टरच्या हिताशी टक्कर घेत असेल तर वेगळा द्यावा.

3. फोनवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाने 24 तासांत केसपेपरवर स्वतःची नोंद आणि सही करावी. न केल्यास त्याची फी थांबवा. पाहा, एका आठवड्यात सवय लागेल.

4. बेड, रक्त, तज्ज्ञ आणि शिफ्टिंग यांच्या मागणीची व पूर्ततेची वेळ केसपेपरवर छापील रकान्यात यावी. बिलिंगच्या माणसाने कॅज्युअल्टीत पाऊल टाकू नये.

5. रात्री आयसीयू किंवा कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्याची पदवी त्या कामाला कायद्याने पुरेशी आहे का, हे लेखी द्या. द्यायला हात धजत नसेल, तर नेमणूक बदला.

महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून: नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना रात्रीचे ड्युटी रजिस्टर मागवा. अग्निशमनाचा दाखला पाहता, तसे हेही पाहा. अचानक रात्री एक वाजता या, चहा आम्ही पाजू.

पोलिसांकडून: अभिप्राय येईपर्यंत 105 नको, समितीत इमर्जन्सीचा डॉक्टर, 2010 च्या कायद्याखाली तक्रार आली तर ती नोंदवून घ्या आणि साक्ष शक्य तिथे व्हिडिओवर घ्या.

या मुद्द्यांवर आपल्यापैकी कोणालाही चर्चा करायची असेल तर मी आणि माझे सहकारी कधीही यायला तयार आहोत. फक्त ती बैठक रुग्णालयाच्या बोर्डरूममध्ये दुपारी अकरा ते एक नको. त्या वेळी आम्ही झोपलेलो असतो.

आपली विश्वासू,
एक इमर्जन्सी मेडिकल ऑफिसर, पुणे

ता. क. हे पत्र नातेवाइकांनीही वाचावे, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. कॅज्युअल्टीत गेलात की ड्युटीवरच्या डॉक्टरचे नाव आणि पदवी विचारा, त्यात अपमान काही नाही. "वरिष्ठ कोण आहेत आणि ते किती वाजता बघतील?" हेही विचारा आणि मिळालेले उत्तर वेळेसह आपल्या फोनमध्ये लिहून ठेवा. डामावर सही करण्याआधी त्यात काय धोका लिहिला आहे तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. नंतर शंका वाटली तर संपूर्ण नोंदींची प्रत लेखी अर्ज करून मागा, अर्जाची पोच घ्या आणि 72 तास मोजा. तक्रार करायची तर जरूर करा, फक्त त्यात बेड, डिपॉझिट आणि तज्ज्ञ यांच्या वेळाही लिहा.